वेगळी बादली

एकवीस वर्षं मी म्हापशात औषधं विकली.
माणसांची नव्हे.
लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, निळा, हिरवा.
बाटलीचा रंग पाहून सांगायचो
पंपाला किती झाकणं, वारा कुठून हवा.
कोण मरेल, हे कुणी विचारायचं नाही.
मावा, तुडतुडे, अळी. यादी भिंतीवरच होती.

संध्याकाळी मयेला पोचलो की
सत्यवती माझा शर्ट चिमटीत धरून
विहिरीकाठच्या निळ्या बादलीकडे न्यायची.
तिचे कपडे वेगळे, मुलीचे वेगळे, माझे वेगळे.
ते सोवळं नव्हतं.
काय होतं, ते आम्ही दोघांनीही कधी म्हटलं नाही.

दुकान सुटलं. परसात कुदळ घातली.
पहिल्या वर्षी पाकिटातली भेंडी लावली,
पाकिटावर अशी चकचकीत की फोटोच शिजवून खावा.
पानं उघडली आणि मावा आला,
पांढरी माशी आली,
लग्नाला येतात तसे सगळे आले, मुक्कामाला.

फळीवर एक बाटली उरली होती, अर्धी.
हात माझ्या आधी पोचला.
झाकण फिरवलं, आणि वास
दुकानाचा, शर्टाचा,
त्या बादलीच्या तळाचा.
झाकण परत लावलं.

कुंपणापलीकडून कोंसेसांव बाय सगळं बघत होती.
दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन आली,
राखेत घोळलेलं बी.
"सात शिरांचे भेंडे. म्हज्या आवयचे.
पानांक लंव आसा, किडीक तोंपता."
मी हसलो. एकवीस वर्षांचा अनुभवी माणूस.
मग पान गालावरून फिरवून पाहिलं.
खरंच टोचतं.

पहाटे दव असताना राख भुरभुरायची,
ऊन चढलं की ती चिकटत नाही.
आंब्यावरच्या हुमल्यांना काजूवर जाता यावं म्हणून
सुंभाची दोरी बांधली. तासाभरात वर्दळ सुरू.
मला दोनदा चावले,
पूल बांधणाऱ्याला वेगळी सवलत नाही.
वांग्यांच्या मधून झेंडू, सब्जा.
आणि एक दिवस माव्याच्या गर्दीत
लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, जेवायला बसलेला ढालकिडा.
माझ्या भिंतीवर त्याचं नाव नव्हतं,
तरी माझ्या हातून तो किती मेला असेल.

दोडक्यात मी हरलो. ते सांगायला हवं.
फळमाशीनं एकही सोडलं नाही.
कोंसेसांव बाय म्हणाली, तिचंही गेलं,
तिच्या आईचंही जायचं,
म्हणून तिच्या घरी दोडकं बाजारातून येतं.

परवा अस्नोड्याचा उमाकांत आला, जुनं गिऱ्हाईक.
भेंडी उलटीसुलटी करून म्हणाला,
"शाणू, काय मारतोस?"
काही नाही, म्हटलं.
त्यानं फळीकडे पाहिलं, पडवीत पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
नवीन कंपनीचं नाव लपवतोय असं.
जाताना दोन किलो घेऊन गेला,
भोकं पडलेली तांबडी भाजीही घेतली.
भोकांचे पैसे लावले नाहीत.

महिना झाला असेल. दोरीवर
माझा चिखलाचा शर्ट
सत्यवतीच्या साडीला चिकटून वाळत होता.
मी काही बोललो नाही. तिनंही नाही.

पुढच्या पेऱ्याचं बी भिजवायला
मी निळी बादली उचलली,
तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली,
"त्यात नको."

ती अर्धी बाटली कुठे ओतू, मला अजून माहीत नाही.
इकडे विहीर, खाली तळं,
मधे सगळ्यांची शेतं.
सध्या बादलीत ठेवली आहे.
वर एक फरशी,
आणि फरशीवर, कसं कोण जाणे,
एक हुमला येऊन जातो.